हुकमाचे कागद

सिनेमातल्या कागदाचं पडद्यावरचं आयुष्य फार थोडं असतं. नायक पाकीट फोडतो, पत्रावरून नजर फिरवतो, कॅमेरा क्षणभर त्या अक्षरांवर रेंगाळतो आणि पुढे जातो. दोन सेकंद, फार तर तीन. नाटकात तर तेवढंही नसतं. आपल्याकडच्या कितीतरी नाटकांत कथेला कलाटणी देणारं पत्र येतं, पण नटाच्या हातातला कागद कोरा असला तरी दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. पत्रात काय आहे ते नट सांगतो, कागद नाही. सिनेमात कॅमेरा जवळ जातो आणि मग कागदाला स्वतःच बोलावं लागतं. अक्षर कुणाचं, शाई कसली, कागद किती जुना, घडी किती वेळा घातलेली, शिक्का कुठे उमटलेला, हे सगळं एका नजरेत पटावं लागतं. पटलं तर प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. पटलं नाही तर मात्र नट कितीही चांगला असो, प्रसंग फुकट जातो.

हे पटवून देण्याचं काम करणारी माणसं असतात. त्यांची नावं श्रेयनामावलीत बरीच खाली येतात, तोवर आपण चपला शोधत असतो. सिनेमा आणि ग्राफिक डिझाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टर येतं, आणि ते स्वाभाविकही आहे. विसाच्या दशकात बाबूराव पेंटर आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवत होते, तेव्हापासून ती परंपरा आपल्याला ठाऊक आहे. पण पोस्टर हा सिनेमाबाहेरचा कागद. रस्त्यावरच्या माणसाला थिएटरात ओढणं हे त्याचं काम. मी इथे लिहितोय ते सिनेमाच्या आतल्या कागदांबद्दल. त्यांना कुणाला ओढायचं नसतं. आपण तिथे पहिल्यापासूनच होतो, असं त्यांना भासवायचं असतं.

लंडनमधल्या सोहो भागात अशा कागदांचं एक छोटं प्रदर्शन होतं, 'हाउस ऑफ मीनालीमा'. मिराफोरा मीना आणि एदुआर्दो लीमा या दोन डिझायनरांनी २०१६ साली ग्रीक स्ट्रीटवरच्या २६ नंबरच्या इमारतीत ते उघडलं. मीना ब्रिटिश, नाटक-सिनेमाचं नेपथ्य शिकलेली; लीमा ब्राझीलचा. हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटापासून मीना काम करत होती, दुसऱ्यापासून लीमा तिच्या जोडीला आला. पुढे आठही चित्रपटांतल्या कागदांवर त्यांचा हात फिरला आणि २००९ साली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. ग्रीक स्ट्रीटचं घर मी पाहिलं त्याला आता काही वर्षं झाली. तिथून ते जवळच वॉर्डर स्ट्रीटवर हललं. विसाव्या शतकात ब्रिटिश चित्रपट कंपन्यांची कचेऱ्यांमागून कचेऱ्या याच रस्त्यावर होत्या, तेव्हा सिनेमाचे कागद योग्य गल्लीत पोचले म्हणायचे.

घर म्हणजे सोहोतली एक जुनी, अरुंद, उंच इमारत. आत शिरलं की आधी दुकान आणि मग जिने चढत वरची दालनं. तिकीट नाही. खोल्या लहान, त्यामुळे चारपाच माणसं आली की एकमेकांना वाट देत पुढे सरकायचं. भिंती, जमिनी, छत, सगळीकडे छपाई. धुराड्यातून पत्रांचा लोंढा बाहेर येतोय, पायाखाली नकाशा पसरलाय, भिंतीला वर्तमानपत्रं लगडलीयत. पाहणाऱ्याला मजा येईल याची पुरेपूर काळजी घेतलेली आणि मजा येतेही. पण दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचेतो माझ्या डोक्यात एक वेगळाच विचार घोळू लागला. या सगळ्या वस्तूंत जादूची म्हणावी अशी एकही नाही. पत्र, नकाशा, वर्तमानपत्र, नोटीस, वंशावळ, पाठ्यपुस्तकाचं मुखपृष्ठ, पत्रक, वेष्टण. कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतील असे हे कागद आहेत.

आणि या कामाची सगळी ताकद त्यातच आहे, असं मला वाटतं.

अद्भुतकथेचा सिनेमा करताना ग्राफिक डिझायनरपुढे एक विचित्र अडचण असते. १९५०चं मुंबईचं रेल्वे तिकीट हवं असेल तर ते कुठे ना कुठे पाहायला मिळतं. जे जग कधी नव्हतंच, त्याचं तिकीट कुठून आणायचं? एक वाट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची. टोल्किनने भाषा, लिप्या, नकाशे स्वतःच करून ठेवले होते, आणि चित्रपटांसाठी डॅनियल रीव्हने त्या लिप्यांतली सुलेखनं आणि नकाशे बनवले. ते कागद सुंदर आहेत, पण ते दुरून बघायचे. एखाद्या मठातल्या पोथीसारखे. हॅरी पॉटरची गोष्ट वेगळी आहे. रोलिंगचे जादूगार दूरच्या काळात राहत नाहीत. ते आजच्या ब्रिटनमध्येच राहतात आणि त्यांना मंत्रालय आहे, बँक आहे, शाळेची परीक्षा आहे, रोजचा पेपर आहे. म्हणजे त्यांचे कागद ओळखीचे हवेत आणि तरी थोडे वाकडे हवेत. मीना आणि लीमा यांनी व्हिक्टोरियन काळातल्या छापखान्यातून ही भाषा उचलली. एकाच पानावर आठ प्रकारचे टाइप, लाकडी ठशांची जाड अक्षरं, वेलबुट्टीच्या चौकटी, हाताचं बोट दाखवणारी चिन्हं. ज्या काळात छापणाऱ्याकडे टाइप भरपूर होते आणि संयम कमी होता, तो काळ. जादूगार त्या काळातच अडकलेत, हे सांगायला संवाद लागत नाही. पेपरचं मथळ्याचं पान पुरतं.

पहिल्या चित्रपटातलं (२००१) हॉगवर्ट्‌सचं प्रवेशपत्र घ्या. हिरव्या शाईत लिहिलेला पत्ता हा मीनाच्या हातचा. कथेत या पत्रांचा अक्षरशः पाऊस पडतो, त्यामुळे प्रती प्रचंड लागल्या. घुबडांना पेलतील आणि हवेत उडतील इतकी हलकी पाकिटं हवी होती, म्हणून त्यांच्यावर लाखेचा खरा शिक्का न लावता त्याचं चित्र छापलं गेलं. कॅमेऱ्याजवळ जाणाऱ्या पत्राला मात्र खरी लाख. ही या धंद्याची रीतच आहे. एक प्रत जवळून दिसणार, तिच्यावर जीव ओतायचा. बाकीच्या फाटणार, भिजणार, जळणार, आणि दर टेकला नवी लागणार.

पण हे पत्र लक्षात राहतं ते पत्त्यामुळे. पाकिटावर घर नंबर आहे, गल्ली आहे, गाव आहे, आणि शिवाय तो मुलगा जिन्याखालच्या फडताळात झोपतो हेही नोंदवलेलं आहे. लहानपणी हे वाचताना आनंद होतो, कारण कुणालाही न दिसणारा हा मुलगा कुणाच्या तरी दप्तरी नोंदलेला आहे. मोठेपणी त्याच पाकिटाकडे बघताना थोडं चरकायला होतं. कुणाला कसं कळलं? कोण नोंद ठेवतंय? त्या नेटक्या हिरव्या अक्षरांत माया आणि पाळत दोन्ही आहेत, आणि अक्षर इतकं शांत आहे की त्यातलं काय खरं ते ते सांगत नाही. सरकारी पत्राचं हे अचूक रूप आहे. आपल्याकडे नाही का, पोस्टमनने तपकिरी लांब पाकीट दिलं की ते उघडण्याआधी घरातली माणसं गप्प होतात?

तिसऱ्या चित्रपटाच्या (२००४) दालनात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. अल्फोन्सो क्वारोनच्या या चित्रपटात दोन कागद समोरासमोर उभे आहेत. एक आहे सिरियस ब्लॅकला पकडण्यासाठी गावभर लावलेलं पोस्टर. मध्यभागी किंचाळणारा माणूस, वरखाली इशारे, मंत्रालयाचा अधिकार. दुसरा म्हणजे मरॉडर्स मॅप, शाळेच्या चार वांड पोरांनी चोरून बनवलेला नकाशा. जुन्या खजिन्याच्या नकाशासारखा कडा जाळलेला पिवळट कागद करायचा नाही, हे मीनाने आधीच ठरवलं होतं. तिने केलेला नकाशा घड्यांचा आहे. एक घडी उघडली की आत दुसरी, जिन्यावर जिने असावेत तशी. आणि वाड्याच्या भिंती तिने रेघांनी काढलेल्या नाहीत. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, त्या रेघा म्हणजे बारीक अक्षरांच्या ओळी आहेत. नकाशा बनवणारी पोरं किती हुशार आणि किती आगाऊ होती, हे त्यातून कळतं. सरळ रेघ मारणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार.

आता कथा आठवून पाहा. छापील, अधिकृत, चौकाचौकात लावलेलं पोस्टर खोटं बोलतंय. सिरियस निर्दोष आहे. आणि बेकायदा, हाताने काढलेला, खिशात लपवलेला नकाशा खरं बोलतोय. मेला म्हणून ज्याचं सगळ्यांनी मान्य केलं, त्या पीटर पेटिग्रूचं नाव त्याच्यावर चालताना दिसतं. चित्रपटात हे कुणी भाषण करून सांगत नाही. दोन कागदांच्या दिसण्यातून ते कळतं. एकाची अक्षरं ओरडतात, दुसऱ्याची इतकी लहान आहेत की डोळे बारीक करावे लागतात. चांगलं ग्राफिक डिझाइन कथेला सजवण्यापलीकडे जाऊन काय करू शकतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

'डेली प्रॉफेट'ची भिंत ही याच धाग्याचं पुढचं टोक. सुरुवातीच्या चित्रपटांत हा पेपर गमतीदार आहे. मजकुराचे रकाने वळणं घेतात, छायाचित्राभोवती गिरक्या मारतात, छपाई जुनी आणि चुकार. छायाचित्रं हलायची असल्याने चित्रीकरणाच्या प्रतीत त्यांची जागा हिरवी सोडावी लागे आणि हालचाल नंतर भरली जाई. बारीक बातम्यांत डिझायनरांच्या चमूने आपले विनोद दडवलेत. लाल केसांची एक चेटकीण अंकामागून अंक काहीतरी लफडं करून बातमीत येत राहते. पडद्यावर हे कुणालाही दिसणार नव्हतं. पण नटाच्या हातात पेपर येतो तेव्हा तो पेपरासारखा वाचता यावा लागतो, आणि पहिल्या चित्रपटापासून डीव्हीडी थांबवून बघणारा प्रेक्षकही आलेला होता.

मग पाचव्या चित्रपटात (२००७) मंत्रालय पेपर ताब्यात घेतं आणि पेपरचा चेहरा बदलतो. रकाने सरळ होतात. अक्षरं जाड, ताठ, भरीव होतात. मथळे पान व्यापू लागतात. डिझायनरांनी इथे रशियन क्रांतीनंतरच्या रचनावादी पोस्टरांकडे पाहिलं, म्हणजे रॉडचेंको आणि एल लिसित्स्की यांच्या काळाकडे. तिरपे पट्टे, मोजके रंग, घोषणेसारखी अक्षरं. भिंतीवर आधीचा अंक आणि नंतरचा अंक शेजारी आले की कुठलाही मजकूर न वाचता कळतं, संपादक बदललाय. आधीचा पेपर गप्पा मारत होता, आताचा सांगतोय.

इथे एक तिढा आहे, आणि तो प्रदर्शनाने सोडवला नाही म्हणून मी सोडून देत नाही. रचनावादी मंडळी हुकूमशाहीची भाट म्हणून जन्माला आली नव्हती. विसाच्या दशकात त्यांना नवा माणूस, नवा वाचक घडवायचा होता. साक्षरता, पुस्तकं, यंत्र यांच्याबद्दल खरी उमेद होती. पुढे राज्याने त्यांची दृश्यभाषा वापरली आणि त्यांनाच बाजूला सारलं. आज हॉलिवुडच्या पैशाने होणाऱ्या सिनेमात 'दडपशाही' दाखवायची की तीच लाल-काळी, तिरपी, जाड अक्षरं हजर होतात. मीना आणि लीमा यांनी हे काम इतरांपेक्षा बारकाईने केलंय, पण ते सोपंही आहे. कारण त्यातून प्रेक्षकाला असं शिकवलं जातं की खोट्या बातमीचा पेपर दिसायलाही क्रूर असतो. खरं म्हणजे तो बहुतेक वेळा नेटका, सभ्य आणि कालच्यासारखाच दिसतो.

या बाबतीत याच घरातला 'क्विब्लर' मला जास्त बोलका वाटला. लूना लव्हगुडच्या वडिलांचं हे चक्रम नियतकालिक: भडक रंग, गचाळ मांडणी, अस्तित्वात नसलेल्या प्राण्यांच्या बातम्या. मूळ कादंबरीत हॅरीची खरी हकिगत छापायला तयार होणारं हेच एक पत्र असतं, आणि पुढे मुलगी पळवून नेल्यावर वडील मान टाकतात तेव्हा तेच पत्र सरकारची री ओढतं. म्हणजे दिसण्यावरून खरंखोटं ठरवू नका, असं कथाच सांगते. चित्रपटात ती मुलाखतीची गोष्ट गाळली गेल्याने क्विब्लर नुसता गमतीचा राहिला. डिझाइन तयार होतं, पटकथेने त्याला काम दिलं नाही.

अंब्रिजबाईंच्या हुकमांची भिंत मात्र निर्विवाद मोठं काम आहे. शाळेत आलेली ही गुलाबी कपड्यांतली, गोड हसणारी बाई एकेक शैक्षणिक फर्मान काढत जाते. अमुक करू नये, तमुक बाळगू नये, इतक्या मुलांनी एकत्र जमू नये. चित्रपटात फिल्च शिडीवर चढून फ्रेममागून फ्रेम भिंतीवर ठोकत राहतो, आणि भिंत भरत जाते. प्रत्येक हुकमाला क्रमांक. प्रत्येकाची मांडणी तीच: वर मोठी अक्षरं, खाली सही-शिक्का. एक हुकूम हास्यास्पद वाटतो. दहा झाले की त्रासदायक. भिंत भरली की गुदमरायला होतं. हा परिणाम एका कागदाच्या रचनेतून साधलेला नाही, तो संख्येतून आणि एकसारखेपणातून साधलाय. प्रत्येक हुकूम वेगळ्या नक्षीत केला असता तर ते देखणे झाले असते आणि भय गेलं असतं. डिझायनरने हात आखडता घेण्याचं हे उदाहरण आहे, आणि अशी उदाहरणं या घरात फार नाहीत. आपल्याला ही भिंत ओळखीची वाटते ती उगाच नाही. 'तोंडी काय सांगता, लेखी दाखवा' म्हणणाऱ्या आणि सातबाऱ्यावर नाव चढवायला पिढी घालवणाऱ्या माणसांना कागदाचा दरारा समजावून सांगावा लागत नाही.

त्या भिंतीचं काय होतं, तेही आठवतं. वीझली जुळे परीक्षेच्या वेळी फटाके सोडतात आणि सगळ्या फ्रेमा खळाखळा खाली येतात. पुढच्याच चित्रपटात (२००९) हे जुळे दुकान काढतात आणि त्या दुकानाची वेष्टणं हा मीनालीमाच्या कामातला सर्वांत मोकळा भाग. ती मुद्दाम स्वस्त दिसतात. रंग एकमेकांवर आदळतात, छपाई जागेवरून सरकलेली, चित्रं बटबटीत. फटाक्यांच्या वेष्टणांवरून ही कल्पना घेतली, असं डिझायनरांनी सांगितलंय. शिवकाशीच्या लवंगी माळेचा कागद ज्याने दिवाळीत हाताळलाय, त्याला हे दालन पाहताना फार आनंद होईल. राज्याच्या सरळ रेषांना उत्तर म्हणून चुकलेली छपाई, ही कल्पना राजकीयदृष्ट्या रचनावादी मथळ्यांपेक्षा खोल आहे. इथे बंड करणारा कागद आदर्शवादी घोषणा देत नाही. तो स्वतःची विक्री करतो, हसतो, फुटतो आणि कचऱ्यात जातो.

ब्लॅक घराण्याच्या वंशावळीचा पडदाही याच कामातला. पाचव्या चित्रपटात तो खोलीच्या भिंतींभर पसरलाय. चेहरे, फांद्या, नावं, आणि मधेच जळालेली भोकं. ज्यांनी घराण्याचं ऐकलं नाही त्यांची तोंडं जाळून टाकलेली. आपल्याकडे कुलवृत्तांत चाळणाऱ्याला असली भोकं न जाळताही सापडतात. जातीबाहेर लग्न केलेल्या आत्याचं नाव नसतं, एखाद्या शाखेपुढे नुसती रेघ असते. इथे निदान जाळल्याची खूण तरी ठेवलीय.

सातव्या चित्रपटाच्या पहिल्या भागात (२०१०) मंत्रालय पूर्ण हाती आल्यावर एक पत्रक छापलं जातं. ज्यांचे आईबाप जादूगार नाहीत अशा 'मडब्लड' लोकांपासून शुद्ध रक्ताच्या शांतताप्रिय समाजाला कसा धोका आहे, याचं. पडद्यावर कचेरीतले कारकून रांगेत बसून जादूने या पत्रकांच्या घड्या घालत असतात. कागद हवेत तरंगतात, दुमडतात, चळत होते. दृश्य देखणं आहे आणि त्यामुळेच अंगावर येतं. द्वेषाचं काम किती नीटनेटकं चालतं, किती साधी माणसं ते रोज दहा ते पाच करतात! तीसच्या दशकातल्या जर्मनीचा संदर्भ स्पष्ट आहे, पण तेवढ्यावर थांबायची गरज नाही. अमुक लोकांपासून सावध राहा, असं सांगणारं पत्रक आपल्यापैकी कुणाच्या हातात कधी पडलं नाही?

आता हे पत्रक सोहोतल्या भिंतीवर नीट फ्रेम करून लावलेलं पाहताना मला जे वाटलं, ते सांगायला हवं. फ्रेममध्ये ते सुंदर दिसतं. रंग ताजे, काच स्वच्छ, प्रकाश योग्य. शेजारच्या फ्रेममध्ये चॉकलेटचं वेष्टण. दोघांमध्ये फरक उरलेला नाही. दोन्ही 'छान छपाया' आहेत. चित्रपटात या कागदाच्या अवतीभवती घड्या घालणारे कारकून होते, चौकशीच्या खोलीत थरथरणारी बाई होती, त्याने कागदाला वजन दिलं होतं. इथे ते सगळं गेलंय आणि उरलीय फक्त रचना. अंब्रिजबाईंच्या हुकमांचंही तसंच. ज्या फ्रेमा फुटताना पाहून थिएटर टाळ्या वाजवत होतं, त्या इथे पुन्हा नीट टांगल्यात, आणि बाई जिंकल्यासारखं वाटतं.

हा आक्षेप डिझायनरांच्या कामावर नाही, ते मांडण्याच्या पद्धतीवर आहे. चित्रीकरणात वापरलेल्या मूळ वस्तू बहुतांशी वॉर्नर ब्रदर्सच्या ताब्यात आहेत. लंडनबाहेर लीव्ह्‌सडनच्या स्टुडिओत २०१२पासून त्या पाहता येतात. सोहोत मला दिसलं ते मुख्यतः पुन्हा छापलेलं रूप. हौशी माणसाने घरी न्यावं असं, जाड कागदावरचं, निर्दोष. पण या कागदांचं सौंदर्य दोषांत होतं. जुना दिसावा म्हणून कॉफीत बुडवून काढलेला पेपर, हाताच्या घामाने मऊ झालेली घडी, उडावं म्हणून हलकं केलेलं पाकीट. ते पुसलं की माणसाचा हातही पुसला जातो. दुसरी एक डिझायनर, ॲनी ॲटकिन्स, हिने 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'साठी केलेल्या मिठाईच्या खोक्यावर 'पॅटिसेरी' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं आणि चित्रीकरण झाल्यावर ते पडद्यावर दुरुस्त करावं लागलं. ही गोष्ट ती स्वतः सांगते, आणि त्या एका चुकीतून या धंद्याबद्दल जितकं कळतं तितकं दहा निर्दोष छपायांतून कळत नाही. किती प्रती लागल्या, कुठला मसुदा नाकारला, कुठली गोष्ट कॅमेऱ्यात दिसलीच नाही, हे अशा घरात दिसायला हवं. स्टुडिओनेच स्वतःचं काम स्वतःच्या दुकानात मांडलं की हा भाग मागे पडतो. त्यांचा नाइलाज मला समजतो. सोहोतल्या इमारतीचं भाडं फुकट प्रवेशातून निघत नाही.

दुकानाबद्दल नाक मुरडायचं कारण नाही, कारण याच दुकानाने एक मोठी गोष्ट केलीय. श्रेयनामावलीत हरवणाऱ्या दोन माणसांना लोक नावाने ओळखू लागले. शाळकरी मुलं तिथे येतात आणि 'हे कुणी काढलं?' असा प्रश्न विचारतात. मी गेलो तेव्हा दहा-बारा वर्षांची एक मुलगी नकाशाला नाक लावून भिंतींच्या अक्षरओळी वाचायचा प्रयत्न करत होती, आणि आई घाई करत होती तरी हलत नव्हती. सिनेमाच्या कारागिरीकडे बघायची ही सुरुवात वाईट नाही.

त्यानंतरच्या 'फॅन्टॅस्टिक बीस्ट्‌स'च्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे मला फार थांबावंसं वाटलं नाही. पहिल्या चित्रपटाची (२०१६) कथा १९२६च्या न्यूयॉर्कमध्ये घडते, आणि आर्ट डेको शैली इतकी तयार, इतकी चकाकणारी आहे की डिझायनरला तिच्याशी झगडावं लागत नाही. जादूगारांचा न्यूयॉर्कमधला पेपर, ओळखपत्रं, परवाने सगळं उत्तम. पण हॉगवर्ट्‌सच्या कागदांत जो वाकडेपणा होता तो इथे कमी झालाय. काळ ओळखता येतो, जादूगार ओळखू येत नाहीत.

मग या छोट्या घरातून काय घेऊन निघायचं? मला वाटतं, एक सवय. आपण कागद वाचण्याआधी त्याच्याकडे बघतो, आणि बघतानाच निम्मा विश्वास ठेवून मोकळे होतो. वर बोधचिन्ह, उजवीकडे जावक क्रमांक, खाली गोल शिक्का आणि वेडीवाकडी सही असली की मजकूर काय आहे याची चौकशी नंतर. फोनवर फिरणारी बनावट परिपत्रकं याच जोरावर चालतात. ती बनवणाराही एका अर्थी हेच काम करत असतो, त्याला फक्त नैतिकता आणि टायपोग्राफी दोन्ही नसतात. मीना आणि लीमा यांनी वीसेक वर्षं अस्तित्वात नसलेल्या सरकारचे कागद इतके खरे केले की लहान मुलं अकरावं वर्ष लागलं की घुबडाची वाट बघू लागली. अधिकार कसा दिसतो, तो कशाकशाने बनतो, हे त्यांना सरकारी छापखान्याइतकंच ठाऊक आहे. त्यांच्या भिंतींसमोर अर्धा तास काढला की ते थोडंसं आपल्यालाही कळतं: लाखेचा शिक्का छापलेलाही असू शकतो, चौकातलं पोस्टर खोटं असू शकतं, आणि खिशात घडी करून ठेवलेल्या चोरट्या नकाशावर मेलेला माणूस चालताना दिसू शकतो.

प्रदर्शनाने हे सांगितलं नाही. कागदांनी सांगितलं.